परतीच्या वाटेचे खेळ

सूरपारंब्या खेळायला एक जुना वड लागतो, हातभर लांबीची काठी लागते आणि त्या झाडाशी चांगली ओळख लागते. झाडाखाली रिंगण आखायचे. एकाने पायाखालून काठी लांब भिरकवायची. ज्याच्यावर राज्य आले असेल तो काठी आणायला धावला की तेवढ्यात बाकीच्यांनी झाडावर चढून बसायचे. काठी रिंगणात ठेवून राज्यवाला वर चढू लागला की खरी धमाल सुरू होते. त्याचा हात लागायच्या आत पारंबीला लोंबकळून खाली यायचे आणि काठी गाठायची. कोणती फांदी भार पेलते, वाळकी फांदी रंगावरून आणि आवाजावरून कशी ओळखायची, ओल्या सालीवर पाय कसा टेकायचा, हे या खेळात कुणी कुणाला शिकवत नाही. वडावर माकडासारखी चढणारी पोरे शेवग्याच्या वाटेला जात नाहीत, कारण शेवग्याची फांदी दगा देते हे त्यांना पाचव्या-सहाव्या वर्षीच कळलेले असते.

रानात वावरण्याची विद्या महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या अशीच मुरत आली. गुरांमागे जाणाऱ्या पोरांना दिशा कळायच्या, कारण संध्याकाळी घरी पोचायचे असायचे. करवंदाची जाळी, ओढ्यातली खेकड्याची बिळे, पाणी कुठे टिकते आणि कुठे मार्चमध्येच आटते, हे ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली घरांतली मुले मोठ्यांच्या मागे फिरता फिरता उचलत असत, आजही काही ठिकाणी उचलतात. पण आज मराठी मुलांचा फार मोठा भाग शहरांत वाढतो आहे. त्यांना जंगल भेटते ते सहलीच्या बसमधून, रांगेत, शिट्टीच्या आवाजावर. त्यांना रानात नेणारी मोठी माणसे वाढली आहेत, ही आनंदाची गोष्ट. मात्र नेल्यावर काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘माहिती देणे’ एवढेच असते. हे झाड अमुक, तो पक्षी तमुक. मुले दहा मिनिटे ऐकतात आणि मग वेफर्सची पाकिटे उघडतात. यात मुलांचा काही दोष नाही.

पुढच्या पानांतल्या खेळांचा आधार एका साध्या निरीक्षणात आहे. मुलांना रानात पुढे जायला शिकवावे लागत नाही, ती जातातच. त्यांना शिकवावे लागते ते परत येणे. आणि परत यायचे तर जाताना पाहिलेले असावे लागते, ऐकलेले असावे लागते, आपण कुठे आहोत हे सतत मनात असावे लागते. रानातली सगळी कौशल्ये अखेर या एका गरजेभोवती गोळा होतात, आणि चांगला खेळ ती गरज नियमातच घालून ठेवतो.

हा विचार नवा नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात अर्नेस्ट थॉम्प्सन सेटन या चित्रकार आणि निसर्गलेखकाने बरीच रानजमीन विकत घेऊन तिला कुंपण घातले. गावातली पोरे त्या रानात पूर्वापार हुंदडत असत. त्यांनी कुंपण मोडले, फाटक रंगवून घाण केले. सेटनने पोलीस गाठण्याऐवजी गावची शाळा गाठली आणि त्याच पोरांना आपल्या रानात मुक्कामाला बोलावले. पोरे आली, पोटभर जेवली, रात्री शेकोटीभोवती गोष्टी ऐकल्या आणि त्यांनी आपले म्होरके आपणच निवडले. त्यातून १९०२ मध्ये ‘वुडक्राफ्ट इंडियन्स’ ही मुलांची चळवळ उभी राहिली. सेटनने त्यांच्यासाठी रचलेला हरणाच्या शिकारीचा खेळ आजही खेळण्यासारखा आहे. गोणपाटात गवत भरून हरीण करायचे. एका मुलाने ते घेऊन पुढे जायचे, वाटेत खुणा टाकत जायचे, मध्येच माग तोडायचा, उलट फिरायचे आणि शेवटी हरीण झुडपात दडवून ठेवायचे. बाकीच्यांनी माग काढत पोचायचे. धनुष्यबाण असायचे, पण गुण नुसत्या नेमबाजीला नव्हते. हरीण सगळ्यांआधी ज्याला दिसले त्यालाही गुण होते. सेटनला पोरे कशासाठी रानात येतात हे नीट उमगले होते. त्यांना शिकार हवी होती. त्याने शिकारीतला जीव घेण्याचा भाग काढला आणि माग काढण्याचा भाग ठेवला.

या चळवळीविषयीचे सेटनचे पुस्तक १९०६ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट बेडन-पॉवेलच्या हाती पडले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेलने ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांची छावणी भरवली. बड्या घरच्या निवासी शाळांतली मुले आणि कामगारांची मुले अशी मुद्दाम एकत्र आणलेली. त्या छावणीतून आणि १९०८ च्या ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ या पुस्तकातून जगभर पसरलेला एक खेळ मात्र मुळात हिंदुस्थानातल्या गोष्टीतला आहे. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. कला विद्यालयात शिकवत. त्याच्या १९०१ च्या ‘किम’ कादंबरीत शिमल्याचा लर्गनसाहेब किमपुढे थाळीत खडे मांडतो, थोडा वेळ बघू देतो, झाकतो आणि काय काय होते ते विचारतो. रस्त्यावर वाढलेला चलाख किम एका लहान मुलाकडून हरतो, कारण त्या मुलाने हा खेळ पुन्हा पुन्हा खेळलेला असतो. बेडन-पॉवेलने तो उचलला, थाळीत वीस-तीस किरकोळ वस्तू मांडल्या, बघायला एक मिनिट दिले आणि खेळाला किमचेच नाव दिले.

महाराष्ट्रातल्या शाळांत स्काउट-गाइडच्या तासाला हा खेळ अजूनही होतो. बहुधा टेबलावर, पेन, किल्ली, रबर, नाणे असे मांडून. तो रानात न्यावा. थाळीच्या जागी जमिनीवर रुमाल पसरावा आणि त्यावर त्याच रानातले पडलेले जिन्नस ठेवावेत. सागाचे जाळीदार झालेले पान, हिरडा, बेहडा, बिब्बा, रिठ्याची बी, ऐनाच्या सालीचा तुकडा, गोगलगाईचा रिकामा शंख, पळसाची चपटी शेंग. मिनिटभर पाहून झाले की रुमाल झाकायचा आणि मुलांना सांगायचे, ‘आता यातल्या तीन गोष्टी जिथून पडल्या ती झाडे शोधा.’ इथे स्मरणाचा खेळ शोधाचा होतो. हिरडा आणि बेहडा यांतला फरक मुलगी पुस्तकातून वाचेल तर विसरेल. पण हिरड्यावर उठलेल्या कंगोऱ्यांवरून बोट फिरवून आणि बेहड्याची मखमल चाचपून झाली की ती शिदोरी जन्मभर पुरते. बिब्बा मात्र मोठ्यांनीच हाताळावा, त्याचे तेल कातडीवर उतते. असल्या सूचना त्या त्या खेळापाशी दिल्या आहेत, कारण वेगळ्या पानावरच्या सूचना कुणी वाचत नाही.

जोसेफ कॉर्नेल या अमेरिकन शिक्षकाच्या १९७९ च्या ‘शेअरिंग नेचर विथ चिल्ड्रन’ या पुस्तकाने अशा खेळांना दुसरे वळण दिले. त्यात जिंकण्याहरण्याला फारसे स्थान नाही. त्यातला झाडाच्या भेटीचा खेळ सह्याद्रीत फार रंगतो. जोडीतल्या एकाचे डोळे बांधायचे, दुसऱ्याने त्याला आडवळणाने एखाद्या झाडापाशी न्यायचे. त्याने झाडाला मिठी मारून घेर अजमावायचा, साल चाचपायची, गालाला लावायची, बुंध्याशी मुळे कशी पसरलीत, शेवाळ आहे का, मुंग्या कुठून चालल्यात, सारे हातांनी बघायचे. मग त्याच आडवळणाने परत आणायचे, डोळे सोडायचे आणि म्हणायचे, ‘शोध तुझे झाड.’ ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. अर्जुनाची गुळगुळीत, पांढुरकी. सावरीच्या कोवळ्या खोडाला काटे, म्हणून डोळे बांधलेल्या मुलाला तिच्यापाशी नेऊ नये. ज्या मुलाला वर्गात पाच मिनिटे बसवत नाही तेही या खेळात झाडापाशी गप्प उभे राहते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. त्याला काम मिळालेले असते, आणि ते काम दुसरे कुणी त्याच्यासाठी करू शकत नाही.

रानाशी ओळख करून देण्याचे काम स्वीडनने लहानग्यांसाठी केले. १९५७ मध्ये येस्टा फ्रूम यांनी ‘स्कूग्समुले’ नावाचा एक काल्पनिक वनवासी उभा केला. बालवाडीच्या वयाची मुले स्कूग्समुलेच्या गोष्टी ऐकत, गाणी म्हणत आठवड्यामागून आठवडे त्याच एका रानात जातात. डेन्मार्कमध्येही पन्नासच्या दशकापासून रानातल्या बालवाड्या आहेत. या दोन्हींतून उचलण्याजोगी बाब म्हणजे तेच रान, पुन्हा पुन्हा. वर्षाला बारा ठिकाणी एकेकदा नेण्यापेक्षा एका टेकडीवर बारा वेळा नेलेले केव्हाही बरे.

मात्र उत्तरेकडच्या थंड देशांतली पुस्तके जशीच्या तशी सह्याद्रीत आणली की फसगत होते. झाडाच्या उत्तर बाजूला शेवाळ असते, असे तिथली मुले शिकतात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलैत जाऊन पाहावे, शेवाळ चहूबाजूंनी असते. घड्याळाचे काटे आणि सूर्य यांवरून दक्षिण काढण्याची त्यांची युक्तीही इथे भरवशाची नाही. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारी उत्तरेकडे झुकलेला असतो. चालते ती काठीच्या सावलीची रीत. मोकळ्या जागी काठी उभी रोवायची, सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा, वीसेक मिनिटे दुसरा एखादा खेळ खेळायचा आणि सरकलेल्या टोकाशी दुसरा खडा ठेवायचा. पहिला खडा पश्चिमेला, दुसरा पूर्वेला. ढोबळ आहे, पण वाट चुकलेल्याला तेवढे पुरते. मुलांनी आधी आपापली पूर्व अंदाजाने दाखवायची आणि मग सावलीने निकाल द्यायचा, असे केले की हा धडा न राहता पैज होते.

आता वाटेविषयी, कारण सह्याद्रीत माणसे हरवतात ती बहुधा वाटेवरच. इथे पायवाटा आहेत तशा ढोरवाटा आहेत, आणि ढोरवाट पायवाटेपेक्षा ठसठशीत दिसते. तिच्या मागे गेलेला भटक्या अर्ध्या तासाने कारवीच्या दाटीत किंवा कड्याच्या टोकाशी उभा असतो. दोन्हींतला फरक मुलांना खेळातून शिकवता येतो. ढोरवाटा एकट्यादुकट्या नसतात. उतारावर त्या शेजारी शेजारी, एकमेकींत मिसळत, आडव्या जातात. ढोरवाट झुडपाखालून जाते, कारण गुराला खांद्यावर आलेल्या फांदीची फिकीर नसते. पायवाटेवर फांद्या माणसाच्या छातीच्या उंचीला कोयत्याने छाटलेल्या असतात, छाटाचे तिरपे तोंड दिसते. चढाचे दगड पावलांनी झिजून गुळगुळीत झालेले असतात. एखाद्या वळणावर दगडावर दगड रचलेला असतो. खेळ असा: वाट फुटते तिथे थांबायचे, प्रत्येकाने कुठली वाट माणसाची हे ठरवायचे आणि कारण सांगायचे. नुसते उत्तर बरोबर येऊन भागत नाही. कारण पटले तर गुण, मग उत्तर चुकले तरी चालेल. हा नियम महत्त्वाचा आहे, कारण तुक्क्याने वाट सापडण्याची सवय रानात घातक ठरते.

याला जोडून ‘मागे बघ’चा खेळ. जाताना मोठे पुढे, येताना मुले पुढे, आणि हे मुलांना निघतानाच सांगून टाकायचे. एवढ्या एका वाक्याने मुलांच्या चालण्यात फरक पडतो. ती मागे वळून बघू लागतात. जाताना पाहिलेली खिंड, टेपाड, वाकडे झाड परतताना उलट्या बाजूने निराळेच दिसते, हे त्यांना पहिल्याच फेरीत कळते.

कोकणात आणि देशावर रानात चकवा लागतो अशी समजूत आहे. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे जिथून निघाला तिथेच येतो. त्यामागे भुताखेताची गोष्ट सांगितली जाते, पण गोल फिरण्याचा अनुभव मात्र खराच. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जर्मनीतल्या मोठ्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा मार्ग नोंदवला. ऊन होते तेव्हा माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. जंगलात आभाळ झाकोळलेले असताना ती गोल फिरली आणि आपणच चाललेली वाट पुन्हा ओलांडल्याचे काहींच्या लक्षातही आले नाही. डोळे बांधल्यावर तर वर्तुळे फारच लहान झाली. शाळेच्या मैदानावर हा प्रयोग पाच मिनिटांत होतो. डोळे बांधून पन्नास पावले सरळ चाला, बाकीच्यांनी गप्प राहायचे. पट्टी सोडल्यावर मुलांचा विश्वास बसत नाही. सूर्य दिसत नसेल, खूण सापडत नसेल, तर चालत राहू नये, हे त्यांना तिथे आपसूक पटते.

चालत राहू नये, हीच हरवलेल्या मुलासाठी पहिली आणि सर्वांत मोठी शिकवण. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर नऊ वर्षांचा एक मुलगा कुटुंबाबरोबर फिरायला गेला असता हरवला. शेकडो माणसांनी शोधले. तो सापडला तेव्हा फार उशीर झाला होता. त्या शोधात असलेल्या माग काढणाऱ्या मंडळींनी त्यानंतर मुलांसाठी ‘हग अ ट्री’ नावाचा कार्यक्रम तयार केला. हरवलास असे वाटले की एक झाड धर आणि त्याच्यापाशीच थांब. जवळ शिट्टी ठेव. हाका ऐकू आल्या तर ओ दे, त्या अनोळखी माणसांच्या असल्या तरी. आणि आईबाबा रागावणार नाहीत. ही शेवटची ओळ ज्यांनी घातली त्यांनी मुलांचे मन ओळखले होते. हरवलेली मुले बोलणी बसतील या भीतीने शोधणाऱ्यांपासूनच लपतात. मराठी घरांत ‘थांब, घरी चल, बघतो तुला’ हे वाक्य काही दुर्मीळ नाही. म्हणून रानात नेण्याआधी ते वचन घरच्यांनी मुलांना खरोखर द्यावे आणि पाळावे. खेळ म्हणून प्रत्येक मुलाने आपले एक झाड निवडायचे, त्याला नाव द्यायचे आणि तिथे दहा मिनिटे एकट्याने थांबायचे, मोठ्यांच्या नजरेच्या टप्प्यात. शिट्टीच्या तीन लांब फुंकरा म्हणजे मदतीची हाक, हे तेव्हाच ठरवून घ्यायचे आणि एरवी शिट्टीला हात लावायचा नाही.

२०२३ च्या मे महिन्यात कोलंबियात ॲमेझॉनच्या जंगलावर एक लहान विमान कोसळले. मुलांच्या आईसह तिन्ही मोठी माणसे गेली. वाचली ती चार भावंडे. थोरली तेरा वर्षांची, धाकटे अकरा महिन्यांचे. चाळीस दिवसांनी, ९ जूनला, ती जिवंत सापडली. ही मुले उइतोतो या आदिवासी समाजातली. विमानातले कसाव्याचे पीठ संपल्यावर ती रानफळांवर जगली, आणि कोणते फळ खायचे हे थोरलीला ठाऊक होते. आजीकडून मिळालेल्या या ज्ञानाची तेव्हा जगभर चर्चा झाली. त्यांच्या मावशीने पत्रकारांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. ही मुले घरी जंगलात राहण्याचा खेळ खेळत, छोटे छोटे तळ उभारत. थोरलीने तिकडे केसांच्या बंधाने फांद्या बांधून आडोसा केला होता. शोध घेणाऱ्या सैनिकांनी हेलिकॉप्टरवरून ध्वनिक्षेपकावर आजीचा आवाज ऐकवला होता, त्यांच्याच भाषेत: एका जागी थांबा. मुले सतत हलत राहिली आणि त्यामुळे शोध लांबला, हेही खरे. सेनेच्या जोडीला आदिवासी शोधक गेले, आणि अखेर त्यांनाच मुले सापडली.

इतक्या टोकाच्या प्रसंगाची तयारी म्हणून कुणी मुलांना रानात नेणार नाही, नेऊही नये. या खेळांना घनदाट जंगल लागत नाही. गावाजवळची देवराई सगळ्यांत उत्तम. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या, तेव्हापासून त्यांचे मोल शहरांनाही कळले. तिथे हद्द स्पष्ट असते, झाडे जुनी असतात, आणि पान तोडायचे नाही हा नियम गावानेच घातलेला असतो. गावकऱ्यांना विचारून जावे, त्यांच्यातल्या एखाद्या आजोबांना सोबत घ्यावे. खेळ अर्ध्यावर राहिला तरी चालेल, पण त्यांचे बोलणे अर्ध्यावर तोडू नये. अभयारण्यात जायचे तर वनखात्याची परवानगी आणि तिथले नियम आधी. १९८५ मध्ये शेकरूसाठी राखलेल्या भीमाशंकरला शेकरूची घरटी मोजण्याचा खेळ मजेत होतो. एकच शेकरू अनेक घरटी बांधते, त्यामुळे घरट्यांवरून शेकरू मोजता येतात का, यावर मुले हिरिरीने भांडतात.

धोके लपवून ठेवू नयेत. बिबट्याच्या वावराच्या भागात लपाछपीचे आणि रांगण्याचे खेळ नकोत, आणि सूर्य कलायच्या आत रान सोडावे. आग्या मोहोळ दिसले तर आवाज, धूर, अत्तर काहीच नको. सरळ दुसरी जागा गाठावी. पानांच्या ढिगात हात घालण्याआधी काठी फिरवावी, फुरसे आणि घोणस पाचोळ्यात दिसत नाहीत. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात पिकतात, त्या मुलांना दुरूनच ओळखायला शिकवाव्यात. वरच्या डोंगरावर पाऊस असेल तर कोरड्या ओढ्यातही खेळ मांडू नये.

शाळांनी वेगळा उपक्रम काढायचीही गरज नाही. श्रावणातले वनभोजन आणि कार्तिकातले आवळीभोजन हे दोन दिवस मराठी घरांत, शाळांत आधीपासून आहेत. श्रावणात वाटा निसरड्या असतात, तेव्हा कानाचे खेळ घ्यावेत. कागदाच्या मधोमध फुली म्हणजे मी, आणि ज्या बाजूने आवाज येईल तिथे खूण. पाण्याजवळ असाल तर शीळकरी कस्तूर बहुधा ऐकू येईल. कार्तिकात वाटा कोरड्या होतात, आभाळ निवळते; सावलीची काठी, ढोरवाट आणि ‘मागे बघ’ तेव्हासाठी राखून ठेवावेत. पहिल्या फेरीला मात्र एकच खेळ घ्यावा, आणि तो झाडापाशी थांबण्याचा असावा. पंधरा मुलांमागे तीन मोठी माणसे असावीत, त्यातले एक कायम सगळ्यांत मागे. डबे खेळानंतर उघडावेत.